शाळेतल्या नावाचा रकाना

बत्तीस वर्षांच्या नोकरीत रामप्रसाद बाबूंनी एकाही रजिस्टरात खाडाखोड केली नाही, हे सेलूत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. शाळेच्या ऑफिसात चूक झालीच, तर तांबड्या शाईची एक आडवी रेघ, वर दुरुस्ती, बाजूला सही आणि तारीख. रेघेखालचं चुकीचं अक्षरसुद्धा वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा बाणा. अशा माणसाच्या हातून एका मंगळवारी दुपारी, पिठलं-भाकरी खाऊन प्रसन्न मनानं बसलेला असताना, चौदा बायांची नावं नाहीशी झाली. मेळावा रविवारवर आला होता.

मेळावा त्र्याऐंशीच्या दहावीचा. बेचाळीस जणांचा वर्ग, अठ्ठावीस पोरं आणि चौदा पोरी. बोलावणं करायला चौघं जण सटवाजी गुरुजींच्या घरी गेले, त्यात रामप्रसादही होते. गुरुजी आता अठ्ठ्याऐंशीचे. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी सांगता येत नाही, आणि स्वतःच्या मुलाला ते अधूनमधून धाकट्या भावाच्या नावानं हाक मारतात. पण त्या दिवशी ताठ बसून म्हणाले, "भाषण न्हाई करायचं मला. हार बी नको, मानेला टोचतोय. एकदा हजेरी घिऊ द्या. तवाच्या नंबरानं, तवाच्या नावानं. मग मी मोकळा."

आणि लगेच विचारलं, "तुमी कोण म्हनलाव?"

रामप्रसाद बाबू गुरुजींच्या पायाशी सरकले. ते म्हणाले, "गुरुजी, मी तुमाला छापील हजेरी देतो. एक बी नाव इकडंतिकडं होणार न्हाई." हा शब्द त्यांनी चार माणसांदेखत दिला, हे पुढं फार महाग पडलं.

गुरुजींच्या हजेरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. शाळा साडेदहाची. पेडगावची पोरं परभणीकडून येणाऱ्या पॅसेंजरनं यायची आणि पॅसेंजर स्वतःच्या मर्जीनं यायची. तोवर गुरुजी हजेरीपट उघडायचेच नाहीत. टेबलावर हात ठेवून विचारायचे, "पेडगावचे आले का?" हेडमास्तर दारातून डोळे वटारायचे, गुरुजी खिडकीतून रुळाकडं बघायचे. फारच उशीर झाला तर हजेरी सुरू व्हायची, पण पेडगावकरांपुढं गुरुजी पेन्सिलीनं नुसता ठिपका द्यायचे. गाडी आली, पोरं धापा टाकत दारात उभी राहिली, की ठिपक्याचा 'ह' व्हायचा. गैरहजर असं गुरुजींनी कुणा पेडगावकराला कधी लिहिलं नाही. थंडीत शेजारच्या जिनिंगमधला कापूस खिडकीतून आत उडायचा आणि हजेरी संपेपर्यंत पहिल्या बाकावरची पोरं पिकल्या केसांची दिसायची. आता खरोखरच पिकलेत, आणि त्यांना वाटतं, कुणीतरी आधीच दाखवून ठेवलं होतं.

तर हजेरी छापायची म्हणजे यादी हवी. यादीसाठी लेक अपेक्षानं दिवाळीत वर्गाची वेबसाइट करून दिली. अपेक्षा पुण्यात कंपनीत हेच काम करते. तिनं बापाला जुना लॅपटॉप दिला आणि समोर बसवून समजावलं, "बाबा, या फ्रेमवर्कमध्ये डेटाबेसच्या टेबलाला थेट हात लावायचा नाही. रकाना वाढवायचा, काढायचा, तर आधी एक फाइल लिहायची. काय बदलायचं ते वर, उलटं फिरवायचं झालं तर कसं ते खाली. तिला क्रमांक पडतो. मग ती चालवायची. आणि एकदा चाललेल्या फाइलीत बदल करायचा नाही, चुकलं तर नवीन फाइल. याला मायग्रेशन म्हणतात."

रामप्रसाद बाबूंनी चष्मा काढला. "म्हंजी शुद्धिपत्रक की गं!"

हे शास्त्र पुण्याच्या पोरांनी शोधलं, असं अपेक्षाला वाटत होतं. बापाला कळलं, की जगातले सगळे संगणकवाले शेवटी शाळेच्या कारकुनाच्या पद्धतीवर आले. त्या आनंदात त्यांनी दोनशे पानी वही केली, तिच्यावर 'शुद्धिपत्रक जावक' असं सुबक अक्षरात लिहिलं आणि प्रत्येक मायग्रेशन आधी वहीत नोंदवून मग लॅपटॉपवर चालवू लागले. बायको शिवकन्याबाई म्हणाल्या, "रिटायर झालाव का पुन्हा रुजू झालाव?"

जुन्या रजिस्टरातली बेचाळीस नावं त्यांनी शाळेत बसून, जन्मतारखांसकट, स्वतः टाकली. गुरुजी हजेरीत घ्यायचे तेवढंच, नुसतं नाव. त्याचा रकाना 'शाळेतलं नाव'. शेजारी दुसरा रकाना, 'आताचं नाव', तो ज्यानं त्यानं, नाहीतर त्याच्या घरच्यांनी भरायचा. कारण आपल्याकडं लग्नात नवरीचं आडनाव तर जातंच, पण ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, की पहिलं नावही जातं. आशामतीची वैशाली होते आणि गावातल्या गावात माणूस सापडत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग सल्ले सुरू झाले.

शेजारचे परमेश्वर एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, उभा जन्म जिंतूर फेरीवर गेलेला. ते रोज संध्याकाळी भिंतीवरून डोकावायचे. "बाबू, रक्तगट घातला का? साठीचे लोक जमायलेत, कुणी पडलं तर?" रक्तगट घातला, शुद्धिपत्रक क्रमांक पाच. "शुगर हाय का न्हाई? जेवणात गोड ठिवायचंय ना?" क्रमांक सहा. "येणार कशानं? एसटीनं, रेल्वेनं, का खासगी?" क्रमांक सात. त्यात एसटी हा पर्याय आधी छापावा, ही त्यांची मागणी क्रमांक आठ. परमेश्वराचं ऐकावं तर टेबल फुगतं आणि न ऐकावं तर रोज भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो.

क्रमांक अकराला पहिली ठेच लागली. एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून अपेक्षानं फोनवर सांगितलं, की नाव आणि जन्मतारीख दोन्ही सारखी असली तर दुसरी नोंद घ्यायची नाही, अशी अट टाका. बाबूंनी टाकली. यंत्र तांबडं होऊन ओरडलं.

"बाबा, हे म्हणतंय की तुमच्या वर्गात चार बालाजी आहेत आणि चौघं एकाच दिवशी जन्मलेत. एक जून सदुसष्ट. काहीतरी चुकलंय."

"कायबी चुकलं न्हाई. सदतीस जण एक जूनचेच हायत. मी बी."

अपेक्षा पुण्यात हसत सुटली. तिला काय माहीत! बाप पोराला हाताला धरून शाळेत आणायचा, तारीख विचारली की म्हणायचा, "पोळ्याच्या पुढल्या बाजारी झाला." मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणून तर एकतीस मेला अर्धा तालुका एकदम निवृत्त होतो आणि शालींचा तुटवडा पडतो. शेवटी ती अट उलटी फिरवली. फाइलीतला खालचा भाग चालवला आणि सगळं होतं तसं झालं. बाबूंना तो खालचा भाग फार आवडला. काहीही करावं आणि उलटं फिरवावं, इतकी सोय तर शिक्षण खात्यातसुद्धा नव्हती. त्या सोयीनंच त्यांचा घात केला.

मंगळवारी दुपारी त्यांनी यादी पडद्यावर उघडली. एका पानावर पंचवीस नावं दिसत. शाळेतलं नाव बालाजी, आताचं नाव बालाजी. शाळेतलं नाव जीवन, आताचं नाव जीवन. पंचवीसच्या पंचवीस ओळींत तेच. बाबूंना जुना शेरा आठवला. सत्त्याण्णव साली तपासणीला आलेल्या एका साहेबानं त्यांच्या रजिस्टरावर तांबड्या शाईनं शेरा मारला होता, 'दुबार नोंदी टाळाव्यात.' बत्तीस वर्षांत तेवढा एकच शेरा. तो शेरा त्यांना अजून स्वप्नात दिसतो. त्यांनी पुढचं पान उलटलं नाही. आणि शाळेच्या हजेरीत पोरं आधी, पोरी नंतर, हे ज्यानं जन्मभर लिहिलं, त्याला पोरी दुसऱ्या पानावर असतात याचा त्या दुपारी विसर पडला. शुद्धिपत्रक क्रमांक एकोणीस: 'शाळेतलं नाव' हा दुबार रकाना काढून टाकणे.

अपेक्षानं बजावलं होतं, रकाना काढण्याआधी बॅकअप घ्या. बाबूंनी घेतला. सगळ्या मायग्रेशन फाइलींच्या तीन प्रती: एक ऑफिसला, एक वरिष्ठांना, एक दप्तरी. मग क्रमांक एकोणीस चालवला.

नंतर दुसरं पान उघडलं. एकोणतीसपासून बेचाळीसपर्यंत वैशाली, मंजुषा, स्नेहल, अशा कोण कुठल्या बायका रांगेनं बसल्या होत्या. आपल्या वर्गातली एकही पोरगी तिथं नव्हती. पण बाबू घाबरले नाहीत. उलटं फिरवायची सोय होती ना! त्यांनी खालचा भाग चालवला. यंत्रानं आज्ञाधारकपणे रकाना परत आणून दिला. रकाना होता, वर 'शाळेतलं नाव' असं शीर्षकही होतं, आणि आत बेचाळीस कोऱ्या जागा.

"बाबा," अपेक्षा फोनवर हळूच म्हणाली, "मायग्रेशनमध्ये फक्त ढाचा असतो. आतला माल नसतो. कपाट परत येतं, कपडे येत नाहीत."

"मग त्या तीन प्रती?"

"कपाटाच्या तीन प्रती झाल्या."

"तुझ्यापाशी आसतील की नावं."

"माझ्याकडं रिकामी साइट आहे, नावं तुम्हीच भरलीत. आणि ती फुकटची जागा आहे, तिथं बॅकअप मिळत नाही."

पोरांचं काही अडलं नाही, त्यांची नावं शेजारच्या रकान्यातून उचलता आली. अडल्या त्या चौदा. आणि खरी लाज अशी, की ती नावं बाबूंनी स्वतःच्या बोटांनी टाकली होती आणि एकही आठवेना. सराईत कारकून वाचून लिहीत नाही, त्याचा हात लिहितो. शाळेत असताना पोरींशी बोलण्याची पद्धतच नव्हती. वर्गात तीन वर्षं एकत्र बसून त्यांना आठवत होतं ते एवढंच, की पेडगावची एक होती, तिचा आवाज मोठा होता, आणि एक गणितात नेहमी पुढं होती. तीही बहुधा पेडगावचीच.

शिवकन्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या लग्नात तुमी तांदळात अंगठीनं माझं नाव लिवलं, तवा कुठं जुन्याची प्रत ठिवली व्हती?"

"अगं, इथं माझी अब्रू चाललीय."

"चालू द्या. मी आपलं म्हनलं." त्यांनी सुपातले तांदूळ पाखडले. "जिंतूरचा दादा व्हता तवर तो तरी बायना म्हनायचा. तो गेल्याला अकरा वर्षं झाली. आता कोण म्हनतंय?"

बाबूंचं लक्ष नव्हतं. ते शाळेत निघाले होते.

त्यांच्या खुर्चीवर आता सविता मॅडम बसतात. बाबूंनी उभ्या उभ्या हसून सांगितलं, जुनं रजिस्टर पाच मिनिटं बघायचंय. सविता मॅडम आदरानं उठल्या, खुर्ची दिली, आणि म्हणाल्या, "सर, अर्ज करा."

"मी अर्ज करू?"

"तुमीच घालून दिलेला नियम हाय ना सर. अर्ज, कारण, ओळखपत्राची प्रत. आन् रजिस्टर सध्या स्कॅनिंगला परभणीला गेलंय. आठ-पंधरा दिवसानं या."

'आठ-पंधरा दिवसानं या' हे वाक्य बत्तीस वर्षं बाबू इतरांना सांगत आले. ते ऐकायला कसं लागतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी अर्ज लिहिला. सविता मॅडमनी त्यात एक काना राहिल्याचं नम्रपणे दाखवलं.

उरला फोन. यादीत नंबर होते. खरं कारण सांगावं तर वर्गात नाचक्की, म्हणून बाबू बायकोच्या मोबाइलवरून, नाव न सांगता, एकदम मुद्द्यावर यायचे, "नमस्कार. लग्नाआधीचं नाव काय व्हतं आपलं?" पहिल्या तिघींनी फोन ठेवला. चौथीच्या नवऱ्यानं विचारलं, "तुमाला कशाला पायजे?" आणि बाबूंनीच फोन ठेवला. तेहतीस नंबरच्या मंजुषाताई नांदेडच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या कडाडल्या, "हे नाव विचारताल, मंग जन्मतारीख, मंग ओटीपी! ठाण्यात कळवू का?"

"जन्मतारीख मला माहीत हाय," बाबू घाईनं म्हणाले. "एक जून."

यानं प्रकरण निवळलं नाही.

संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर संदेश आला. 'सावधान! एक भामटा महिलांना फोन करून माहेरचं नाव विचारत आहे. त्याला जन्मतारीखही ठाऊक आहे. आवाज वयस्कर, बोलणं सभ्य.' तो चार बालाजींनी चार वेळा पुढं पाठवला. परमेश्वरांनी भिंतीवरून मोबाइल दाखवला, "बाबू, घरच्यांना जपा. सभ्य बोलतोय म्हणं." बाबू म्हणाले, "हो." शिवकन्याबाई आत गेल्या आणि बराच वेळ त्यांच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

रविवार उजाडला. शाळेच्या त्याच वर्गात सतरंज्या टाकल्या होत्या. बाबूंच्या पिशवीत छापील हजेरी होती, अठ्ठावीस नावं आणि चौदा रेघा. गुरुजींना दोघांनी धरून आणलं, खुर्चीवर बसवलं. हजेरीपट हातात दिला. गुरुजींनी तो टेबलावर ठेवला, त्यावर हात ठेवले आणि खिडकीतून रुळाकडं बघत विचारलं, "पेडगावचे आले का?"

लोक हसले. मग हसू थांबलं, कारण गुरुजी खरंच थांबले होते. सूत्रसंचालन करणारा बालाजी कानात म्हणाला, "गुरुजी, जेवणं खोळंबतील." गुरुजी म्हणाले, "थांब." पॅसेंजर पस्तीस मिनिटं उशिरा होती. साठीला टेकलेली माणसं सतरंजीवर मांडी घालून गप बसून राहिली, आणि आज कापूस उडत नव्हता तरी कुणी कुणी उगाच केसांवरून हात फिरवला. बाबूंना वाटत होतं, गाडी आज येऊच नये. गाडी आली. स्टेशनावरच्या रिक्षातून उतरून तीन बायका आणि एक काठी टेकणारा जीवन दारात उभे राहिले, तसेच धापा टाकत.

"बसा," गुरुजी म्हणाले आणि पट उघडला.

अठ्ठावीसपर्यंत आवाज चढत गेला. गुरुजींना समोरचे चेहरे ओळखू येत नव्हते, पण चार बालाजींपैकी टाकीजवळ राहणाऱ्याला 'बालाजी टाकीवाला' म्हणताना ते अचूक पाण्याच्या टाकीच्या दिशेला बघत होते. मग त्यांनी पान उलटलं आणि थांबले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"हितं नावं न्हाईत."

रामप्रसाद बाबू उभे राहिले. त्यांचे हात आपोआप मागं गेले, छडीच्या वेळी जायचे तसे. "गुरुजी, माझ्या हातून गेली. मी रकाना काढून टाकला. पुढचं पान न बघता." आणि एका दमात म्हणाले, "फोन करणारा भामटा बी मीच."

तेहतीस नंबरनं तोंडाला पदर लावला. गुरुजी बराच वेळ त्या कोऱ्या रेघांकडं बघत राहिले. बाबूंना वाटलं, आता हे विचारतील, तुमी कोण म्हनलाव.

गुरुजींनी बोट रेघेवर ठेवलं आणि नुसता आकडा उच्चारला. "एकोणतीस."

मागच्या कोपऱ्यातून एक जाड चष्म्याची बाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "हजर गुरुजी. आशामती." आणि बसता बसता शेजारणीला म्हणाली, "ऊठ, तुझाय नंबर." शेजारीण आधीच अर्धी उठली होती. "गिरजा, गुरुजी. हजर." पुढची, मग त्यापुढची. चाळीस-बेचाळीस वर्षांत त्यांनी स्वतःसुद्धा ही नावं घेतली नव्हती. पण आपल्या आधी कोण आणि आपल्या नंतर कोण, हे एकीचंही चुकलं नाही, कारण रोज सकाळी आधीच्या नावाला कान लावूनच तर त्या बसायच्या. बाबूंनी पिशवीतून तांबड्या शाईचं पेन काढलं आणि गुरुजींच्या शेजारी वाकून रेघांवर नावं लिहीत सुटले. त्यांना अक्षर नीट दिसत नव्हतं.

"तेहतीस."

"हजर! मनकर्णा, पेडगाव!" मंजुषाताई इतक्या जोरात म्हणाल्या की बाहेर आचारी दचकला. गावाचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

"चौतीस."

कुणी उठलं नाही. तेहतीस आणि पस्तीस एकदमच म्हणाल्या, "सुभद्रा." मग मनकर्णा खाली बघत म्हणाली, "ती बी पेडगावचीच गुरुजी. गेली. पाच वर्षं झाली. गणितात लय पुढं व्हती."

गुरुजींनी खिशातली पेन्सिल काढली. चौतीस नंबरपुढं सावकाश एक ठिपका दिला आणि म्हणाले, "पस्तीस."

घरी यायला दुपार कलली. बाबूंनी कोट काढला नाही, तसेच लॅपटॉपपुढं बसले. चौदा नावं टाकली, दोनदा पुढचं पान उलटून बघितलं. वहीत लिहिलं, 'शुद्धिपत्रक क्रमांक वीस: शाळेतलं नाव हा रकाना कायम ठेवणे. कोरा चालणार नाही.' फाइल चालवली. यंत्रानं मुकाट्यानं मान्य केलं. बाबूंनी सही केली, तारीख टाकली आणि शिवकन्याबाईंना सगळं सांगितलं, आशामतीपासून ठिपक्यापर्यंत.

त्या चहा ठेवत ऐकत होत्या. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

बाबू वहीकडं बघत बसले. तांदळाचं ताट त्यांना लख्ख आठवलं. आपलं अक्षर किती सुबक आलं होतं, याचं तेव्हा मांडवभर कौतुक झालं होतं. खाली काय होतं ते कुणी वाचलं नव्हतं. त्यांनी वहीचं नवं पान उघडलं, ताठ बसले, घसा साफ केला.

"बायना."

आतला कपबशांचा आवाज थांबला. मग आतून आवाज आला, "जोरात घ्या. मागच्या बाकावर आयकू येईना."

बाबूंनी जोरात नाव घेतलं. इतक्या जोरात, की भिंतीवरून परमेश्वरांचं डोकं वर आलं.

"हजर," शिवकन्याबाई म्हणाल्या.